कुबट

"वास येत नाही का तुला?" असं रुचिरा नवऱ्यावर ओरडली तेव्हा पराग जेवणाच्या टेबलाशी गॅसकडे पाठ करून बसला होता आणि चहात बिस्कीट बुडवत होता. ती बाथरूममधून ओल्या केसांनीच धावत आली होती. तिनं गॅस बंद केला, खिडकी ढकलली, पातेलं सांडशीनं उचलून सिंकमध्ये टाकलं आणि नळ सोडला, तेव्हा चर्र झालं. दूध आटून, करपून बुडाला काळं होऊन बसलं होतं. परागनं मान वळवली तर छताखाली धुराचा निळसर पडदा तरंगत होता. तोवर घरात काही घडतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. "लक्ष नव्हतं," तो म्हणाला. घराघरांत असले प्रश्न विचारले जातात, डोळे फुटले का, कान गेले का, आणि त्यांची उत्तरं कुणी मागत नसतं. पण हा प्रश्न त्याच्या अंगात कुठेतरी जाऊन बसला. बिस्कीट विरघळून कपाच्या तळाला गेलं तरी तो तसाच कप धरून राहिला. वास येत नाही का तुला. खरंच, येत नव्हता.

ती केस विंचरायला आत गेल्यावर तो उठला. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग कॉफीची बाटली. मग कपडे धुवायचा साबण. प्रत्येक वेळी मन आधीच पुढे धावून त्या वासासाठी जागा करून ठेवी, पाहुणा येणार म्हणून खुर्ची पुढे ओढावी तशी, आणि कुणी येतच नसे. देव्हाऱ्यातला कापूर हुंगला तेव्हा नाकात काहीतरी गार झोंबलं आणि त्याला हायसं वाटलं. पण ते नुसतं गार होतं, कापूर नव्हता. सर्दी म्हणावी तर नाक मोकळं होतं, श्वास सुरळीत चालला होता. हवा आत जात होती, बाहेर येत होती, आणि तिच्यात काहीच नव्हतं. रुचिराला सांगावं असं त्याला वाटलं. ती आरशासमोर उभी होती, केसांना ते नेहमीचं तेल लावत होती, आणि त्या तेलाचा वास कसा असतो हे त्याला एकाएकी आठवेना. तो दारातच थांबला. "काय रे?" तिनं आरशातून विचारलं. "काही नाही. निघतो. खोडाळ्याला जायचंय."

परागचं पोट नाकावर चालतं, असं ऑफिसात गमतीनं म्हणत. परदेशी जाणारं धान्य, पीठ, काजू हे सगळं बंदरावर जायच्या आधी तपासायचं काम त्याची कंपनी करी. विकणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, असा तिसरा माणूस म्हणून तो जाई. पोती उघडायची, ओलावा मोजायचा, खडा, किडा, केस बघायचा, नमुने बांधून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. यंत्रं होती. पण वासाचं यंत्र त्याच्या बॅगेत नव्हतं, आणि प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत ट्रक थांबत नाहीत. म्हणून जागेवर उभं राहून पराग जे म्हणे ते चाले. पीठ तळहातावर घ्यायचं, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, मूठ मिटायची, मग उघडून हुंगायचं. खमंग, कोरा, आंबूस, खवट, कुबट. एवढ्या चार-पाच शब्दांवर माल जहाजात चढे नाहीतर परत फिरे. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. त्यानं स्वतःही नाही.

नाशिकबाहेर पडून त्र्यंबक मागे टाकलं, डोंगर सुरू झाले, तशा त्यानं गाडीच्या चारही काचा खाली केल्या. मार्चचे दिवस होते. उतारावर कुठे कुठे शेत भाजायला राब पेटले होते. पालापाचोळ्याचा धूर रस्त्यावरून आडवा जात होता आणि गाडी त्यातून सरळ पार होत होती, जणू धूर दुसऱ्याच कुणाच्या रस्त्यावर होता. मोखाड्याच्या अलीकडे मोह गळत होता. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरून चार फुलं उचलली, बोटांत चुरडली. चिकट रस नखांत गेला. मोहाचा वास गोड असतो, जड असतो, थोडा डोक्यात चढतो. हे त्याला पाठ होतं, कुणालाही सांगता आलं असतं. फुलं वेचणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. शर्ट-पँटमधला माणूस फुलं नाकाशी धरून उभा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही, याचं तिला नवल वाटलं असावं. "गोड हायती, खावा," ती म्हणाली. त्यानं एक फूल तोंडात टाकलं. जिभेला गोड लागलं. पण ते मोहाचं गोड आहे की साखरेचं, हे कळेना.

त्याचं नाक घडलं ते जव्हारला, वडिलांच्या दुकानात. दादांचं बाजारात धान्याचं दुकान होतं, आणि साखरशेत, पोशेरा, कुठून कुठून डोक्यावरून नागली-वरई घेऊन माणसं येत. दादा ओंजळभर नागली परागच्या पुढे धरत आणि म्हणत, "बघू नको. डोळे भुलवतात. हुंग." तो डोळे मिटून हुंगायचा. त्या मिटल्या डोळ्यांच्या अंधारात नागलीला मातीचा वास असे, चुलीचा असे, तिला डोक्यावरून आणणाऱ्या बाईच्या घामाचाही असे, आणि या सगळ्यांच्या खाली एक कोरा, थंड, नागलीचा स्वतःचा वास असे. तो लागला की झालं. लागला नाही, किंवा त्याच्या जागी बंद खोलीसारखं काही लागलं, की तो म्हणायचा, "कुबट." मग दादा त्या माणसाला म्हणत, "ऐकलंस?" आणि तो माणूस पोराच्या तोंडाकडे बघत पोतं परत डोक्यावर घेई. परागला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटे. पुढे शेवटच्या वर्षात दादांना कशालाही रॉकेलचा वास येऊ लागला. भाताला, उशीला, नातीच्या हाताला. रॉकेल विकणं दुकानानं केव्हाच सोडलं होतं. आई पुष्पावती शपथेवर सांगायची, घरात थेंब नाही. पण दादा ताट सरकवून द्यायचे. घरातले सगळे हसायचे, परागही हसला होता. आता गाडी चालवताना त्याला वाटलं, दादांना तो वास खरंच येत असेल. आणि खरंच येत असेल तर तो नव्हता असं कसं म्हणायचं?

पण हे झालं कधी? आज सकाळी, की त्याआधीच? आवाज बंद झाला तर लगेच कळतं. वास बंद झाला तर कसं कळणार? तो मागे मागे जात शेवटचा वास शोधू लागला. काल रात्री स्वरानं, त्याच्या लेकीनं, नवं पुस्तक त्याच्या नाकाशी धरलं होतं, "बाबा, मस्त वास आहे ना?" आणि तो "हं" म्हणाला होता. आला होता का? परवा सोसायटीत कुणीतरी गटार उघडलं होतं, सगळे नाकाला रुमाल लावून चालत होते, त्यानंही लावला होता. वासासाठी, की सगळ्यांनी लावला म्हणून? जितकं मागे जावं तितकी माणसं दिसत, वस्तू दिसत, कोण काय बोललं ते ऐकू येई, पण प्रत्येक चित्रात नाकाच्या जागी एक भोक होतं. वास आठवतोच कुठे? आठवतं ते वासाचं नाव. थंडीत त्याला आठवडाभर ताप येऊन गेला होता, डोकं जड झालं होतं, आणि तापातून उठल्या उठल्या तो पोशेऱ्याला गेला होता. देवजीची वरई बघायला.

देवजी हा पोशेऱ्याचा शेतकरी, पाड्यावरच्या चार-पाच घरांची वरई त्यानं आपल्या घरात एकत्र भरली होती. बाहेर देशी जाणार म्हणून पोतीसुद्धा नवी आणली होती. परागला तो दिवस लख्ख आठवत होता. बांबूची उंच कणगी, शेणानं सारवलेली. ओंजळीत पांढरट वरई. वाफ सोडली, मूठ मिटली, उघडली. आणि तो म्हणाला, "कुबट आहे, देवजीभाऊ." देवजीच्या तोंडाकडे बघून त्यानं लगेच नजर काढून घेतली होती, जशी तो नेहमी काढून घेई. हे सगळं होतं. शब्द होता. पण शब्दाच्या आधी नाकात काय होतं? तो त्या क्षणाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबे, ओंजळ नाकाशी नेई, आणि तिथे काहीच नसे. नसणारच, आठवणीतल्या वरईला वास कसा येणार? की तेव्हाही काहीच नव्हतं, आणि नागलीच्या त्या जुन्या सवयीनं, स्वतःचा वास लागला नाही म्हणजे कुबट, असं त्यानं म्हणून टाकलं? वळणावर समोरून जीप आली आणि त्यानं कचकन ब्रेक दाबला. जीपवाला शिव्या देत गेला.

खोडाळ्यात बाजाराच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये सुनिताचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन चक्क्या, एक चाळणयंत्र, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या दहा-बारा बायका. सुनिता तिथलीच, मोखाड्याला शिकलेली, तिशीतली, बोलायला चटपटीत. नागलीचं पीठ दुबईच्या एका दुकानदाराला पहिल्यांदाच जात होतं. ट्रक दाराशी लागला होता आणि ट्रकवाला रोहिदास टायरला टेकून उभा होता. ट्रक आज बंदरावर पोचला नाही तर कंटेनरमधली जागा दुसऱ्याला जाणार, हे सुनितानं परागला फोनवर सांगितलं होतं आणि आता पुन्हा सांगितलं. "पण तुम्ही तुमचं बघा नीट, साहेब. घाई करू नका," असंही वर म्हणाली.

त्यानं पांढरा कोट चढवला, टोपी घातली, हात धुतले. जमीन कोरडी होती, कोपरे स्वच्छ होते, खिडक्यांना जाळ्या होत्या. ओलावा ठीक. चाळणीत काही नाही. लोहचुंबकाला काही चिकटलं नाही. सगळी यंत्रं एकापाठोपाठ एक हो म्हणत गेली, आणि तो प्रत्येकाशी उगाच रेंगाळत राहिला. शेवटी पोतं उघडलं गेलं. बायकांची कुजबुज थांबली. दर ठिकाणी या वेळी अशीच थांबते. त्यानं पीठ तळहातावर घेतलं. वाफ सोडली. मूठ मिटली. मुठीत पीठ ऊबदार झालं, जरासं दमट. उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

काहीच नाही.

त्यानं दुसऱ्यांदा श्वास घेतला, तिसऱ्यांदा. डोळे उघडले तर सगळ्या बायका त्याच्या नाकाकडे बघत होत्या. आणि मग इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्यानं केली. हात सुनितापुढे धरला. "तुम्हाला कसा वाटतो?"

सुनिता बावरली. "मला? चांगला आहे की." तिनं वाकून हुंगलं. "चांगलाच आहे." मग शेजारच्या कमूकडे बघितलं. कमू ही तिथली सगळ्यात वयस्क बाई, चक्कीवर बसणारी. "कमूकाकी, बघ गं."

"ब्येस हाये. खमंग हाये," कमू म्हणाली, पण तिनं आधी साहेबाचं तोंड बघितलं आणि मग पीठ. "हाये ना, साहेब? का नाय?"

"पोत्याचा येतो जरासा," दारातून रोहिदास म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो बरीच वर्षं भिवंडीच्या गोदामात होता. "नया पोता आहे ना, साब, उसका. बाकी माल एकदम मस्त."

"कसला पोत्याचा?" सुनिता त्याच्यावर उखडली. "काही येत नाही पोत्याचा." पण तिनं पुन्हा वाकून हुंगलं, आणि यावेळी जरा जास्त वेळ. दुसऱ्या दोघी-तिघी पुढे आल्या. एकीला गोडसर वाटला. एकीला काही कळेना, ती हसून मागे सरली. परागला वाटलं, आपण यांच्या पायाखालची फळी काढून घेतली. कालपर्यंत हे पीठ नुसतं पीठ होतं.

दुसरं पोतं उघडा, तो म्हणाला. पुन्हा तळहात, पुन्हा वाफ. आणि मूठ उघडताच तो आला. कुबट. स्पष्ट, ओला, बंद ट्रंकेच्या तळासारखा, नाकातून टाळूपर्यंत भरून आला. "आला!" पराग मोठ्यानं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हवा पुन्हा कशानं तरी भरली होती; त्याला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. "काय आला?" सुनितानं विचारलं, आणि तिचा आवाज ऐकल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय म्हटलं. "कुबट," तो हळू म्हणाला. सुनितानं ओंजळ भरून घेतली, तोंड जवळजवळ पिठात घातलं. नाकाला पांढरं-तपकिरी पीठ लागलं तरी तिनं पुसलं नाही. "मला नाही येत," ती म्हणाली. "काकी?" कमूनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. परागनं तिसरं पोतं उघडलं. कुबट. चौथं. कुबट. मग कोपऱ्यातलं रिकामं, कोरं पोतं उचलून नाकाशी धरलं. कुबट. कोटाची बाही. कुबट. त्यानं स्वतःचा तळहात साबणानं धुतला, पुसला आणि हुंगला, आणि तोच वास तिथेही बसलेला होता. दादांनी सरकवून दिलेली ताटं त्याला दिसली. तो पायरीवर येऊन बसला. थोड्या वेळानं वास आला तसा निघूनही गेला, आणि मागे तीच रिकामी हवा राहिली.

सुनिता बाहेर आली. तिनं टोपी काढून हातात धरली होती. "साहेब, काय ते सांगा. रोहिदास विचारतोय, भरू का."

"सुनिताताई, मला वास येत नाही."

"मग झालं तर! तसंच लिहा."

"तसं नव्हे. मला, वासच येत नाही. कशाचाच. आज सकाळी कळलं. मघाशी आला तो... तो पिठाचा होता की माझा, मला सांगता येत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. शेडमध्ये कुणीतरी चक्कीचा पट्टा उगाच हातानं फिरवत होतं. "पीठ चांगलं आहे," ती म्हणाली. "मी रोज खाते हे. माझी पोरं खातात. तुम्हाला येत नाही, मला येतो. मी सांगते ना."

"तुम्ही सांगून चालणार नाही. म्हणून तर मला बोलावतात."

"मग कुबट आहे म्हणून लिहा! काहीतरी एक लिहा. नाक गेलं म्हणून माझा ट्रक उभा राहणार?" तिचा आवाज चढला होता. मग तो एकदम उतरला. "देवजीमामाची वरई तुम्हीच नापास केलीत ना?"

देवजी तिचा मामा होता हे परागला ठाऊक नव्हतं. "हो."

"तेव्हा येत होता वास?"

"तेव्हा..." पराग म्हणाला. समोर ट्रकच्या सावलीत एक कोंबडी जमीन उकरत होती. "येत होता. बहुतेक."

"बहुतेक?"

सुनितानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, तो आता काही उपयोगाचा नाही हे कळल्यासारखी आत गेली, आणि बायकांना म्हणाली, "बांधा पोती. आज जात नाही." त्यानं तिथूनच ऑफिसला फोन लावला, दुसरा माणूस पाठवा म्हणाला, का ते सांगितलं. पलीकडचा माणूस आधी हसला, मग कुणाला पाठवायचं ते बघतो म्हणाला. निघताना कुणी चहा विचारला नाही. रोहिदासनं तेवढं गाडीच्या खिडकीत वाकून विचारलं, "साब, करोना का चक्कर आहे क्या?" माहीत नाही, पराग म्हणाला. त्या दिवसात ते त्याचं सगळ्यात खरं बोलणं होतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी त्याच्या नाकात नळी घालून बघितलं. तापानंतर असं होतं काहींना, म्हणाले. येईल परत हळूहळू, कदाचित नाही येणार. येताना आधी चुकीचे वास येतात. "केव्हापासून आहे?" त्यांनी विचारलं. "तेच मला तुम्हाला विचारायचं होतं," पराग म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या रुचिरानं त्याचा हात धरला. तिला त्यानं आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ती रागावली नव्हती. फक्त म्हणाली होती, "म्हणजे माझ्या केसांचा पण नाही?" आणि मग उठून दूध बघायला गेली होती. ऑफिसनं त्याला बाहेरच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं. बोलणारे नीटच बोलत, पण कोपऱ्यात कुणी डबा उघडला की त्याच्याकडे चोरून बघत. खोडाळ्याला दुसरा माणूस गेला. पीठ चांगलं निघालं, प्रयोगशाळेनंही चांगलंच म्हटलं, आणि ते पुढच्या जहाजानं गेलं. हे सुनितानं फोन करून सांगितलं. "पास झालं," ती म्हणाली. "बरं झालं," तो म्हणाला. फोन ठेवायच्या आधी ती थांबली. "मला जे सांगितलंत ते मामाला सांगितलंत का?"

म्हणून तो पोशेऱ्याला गेला. दुपार होती. देवजी ओटीवर बांबू चिरत बसला होता. चिरताना बांबू फटफट बोलत होता. त्यानं साहेबाला बघून कोयता बाजूला ठेवला, घोंगडी टाकली. बायको पोशी पाण्याला गेलीये, म्हणाला. परागनं इकडचं तिकडचं काही काढलं नाही. त्या वरईचं काय केलंत, विचारलं.

"काय करणार? थोडी कोंबड्यांना घातली. बाकी टाकली वढ्यात." देवजी ते साधेपणानं बोलला, वाटेत काय दिसलं ते सांगावं तसं.

"देवजीभाऊ, तुम्हाला तिचा वास येत होता का?"

देवजीनं विचार केला. तो खरं आठवायचा प्रयत्न करत होता हे त्याच्या कपाळावरून दिसत होतं. "आधी नव्हता येत," तो म्हणाला. "तुमी बोललात तवा आला."

"म्हणजे?"

"म्हंजे कणगीत भरली तवा ब्येस व्हती. मंग तुमी हातात घेतली, बोललात कुबट. तुमी गेल्यावर मी पन घेतली, हुंगली. तर खरंच. कुबट. मी म्हनलं, मला आधी कसा कळला नाय? शेजारचे आले, त्यांना पन आला. पोशीला तर अजून येतो. कणगी धुतली, दोनदा सारवली, तरी म्हनते येतो. यंदाची नागली भरू देत नाय तिच्यात. पोत्यांतच हाये सगळी, उंदरं खातात."

पराग खाली जमिनीकडे बघत होता. चिरलेल्या बांबूच्या कामट्या एकाशेजारी एक मांडून ठेवल्या होत्या. "माझं नाक गेलंय, देवजीभाऊ. वास कळत नाही मला. तेव्हाच गेलेलं असणार. तुमची वरई चांगली असेल. मी उगाच म्हणालो असेन."

देवजीनं कोयता उचलला, धार अंगठ्यानं बघितली, परत ठेवला. "नाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण एक हट्ट होता, मुलाला समजावताना येतो तसा. "येत व्हता वास. मला आला ना."

तेवढ्यात पोशी हंडा घेऊन आली. साहेबाला बघून तिनं हंडा घाईनं उतरवला, पदर सारखा केला. "बरं झालं आलात. चला, तुमीच बघा एकदा. माझं घरात कोणी ऐकत नाय." आणि परागनं काही म्हणायच्या आत ती घरात शिरली. त्याला मागोमाग जावं लागलं. कणगी कोपऱ्यात उभी होती, त्याच्या छातीइतकी उंच, रिकामी. भिंतीशी नागलीची पोती रचली होती. "घाला डोस्कं आत. नीट हुंगा," पोशी म्हणाली.

त्यानं कणगीत डोकं घातलं. आत काळोख होता आणि गार होतं. सारवलेलं शेण वाळून त्याचे पोपडे सुटले होते, एक गालाला लागला. स्वतःचा श्वास त्याला मोठ्यानं ऐकू येत होता. त्यानं तो आत घेतला, सावकाश, दादांनी शिकवला तसा, डोळे मिटून, आणि थांबला. काही येईल म्हणून थांबला, निदान तो चुकीचा तरी. बाहेर कुणी हालचाल करत नव्हतं. मग तो सरळ झाला. केसांवर धूळ बसली होती.

"मला नाही येत, वहिनी," तो म्हणाला.

"नाय येत?" पोशीचा चेहरा उजळला. "नाय येत ना? अवो, ऐकलं का? साहेबाला नाय येत! गेला वास!"

"वहिनी, तसं नाही, मी..." परागनं देवजीकडे बघितलं. देवजी दारात उभा होता. त्याला ठाऊक होतं. तो परागकडे एकटक बघत होता, आणि त्या बघण्यात विनंती होती की मनाई, हे परागला कळलं नाही. मग देवजी पुढे आला, कणगीवर वाकला, खांद्यांपर्यंत आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"गेला," तो म्हणाला. "खरंच गेला."

पोशीनं पोत्याची सुतळी सोडलीसुद्धा. "या, साहेब, जरा धरा इकडून," ती म्हणाली, आणि परागनं पोत्याचं एक टोक धरलं. तिघांनी मिळून ते कणगीच्या काठावर टेकवलं. लाल-काळी नागली सळसळत आत पडू लागली, तळाशी आदळून तिची बारीक धूळ वर आली. पोशीला शिंक आली, मग दुसरी, आणि ती हसू लागली. "अगाई, कसा नवा नवा वास सुटला! आला ना, साहेब?"

पराग पोत्याचं टोक दोन्ही हातांनी धरून उभा होता. "हो," तो म्हणाला.

देवजीनं दुसरं पोतं पुढे सरकवलं.